स्पेनच्या टूरमध्ये अर्धा दिवस त्या लोखंडी पुलाला द्या: मराठी टूर कंपन्यांना खुलं पत्र

युरोपच्या टूर्स काढणाऱ्या तमाम मराठी टूर कंपन्यांचे मालक, ऑफिसात बसून आयटिनरी बनवणारी मंडळी, आणि बसमध्ये माईक हातात धरून आम्हाला सांभाळणारे टूर मॅनेजर,

स. न. वि. वि.

पत्र लांबलचक आहे, चहा घेऊन बसा. मागणी मात्र एकच आहे. तुमच्या स्पेनच्या टूरमध्ये बिलबाओजवळचा व्हिस्काया पूल घाला. बिलबाओ शहर काही कंपन्या आताशा दाखवतात हे मला माहितीये, म्हणजे टायटॅनियमच्या चकचकीत गुगेनहाइम म्युझियमसमोर ग्रुप फोटो, वॉशरूम ब्रेक आणि चला बसमध्ये, पुढे सॅन सेबॅस्टियन. मी म्हणतेय तो पूल त्या म्युझियमपासून मेट्रोने वीस-पंचवीस मिनिटांवर आहे. १८९३ साली सुरू झालेला, या प्रकारातला जगातला पहिला पूल, युनेस्कोच्या यादीत असलेला, आणि मुख्य म्हणजे आजही रोज सकाळी लोक त्याच्यावरून ऑफिसला जातात. खरं तर वरून जात नाहीत, खालून जातात. ते कसं, ते सांगतेच.

मी कोण, तर तुमची जुनी गिऱ्हाईक. नोकरी सगळी भोसरीत गेली, फॅब्रिकेशनच्या कंपनीत, स्ट्रक्चरल ड्रॉइंग्ज तपासण्यात. त्यामुळे लोखंड दिसलं की माझी मान आपोआप वर जाते, घरचे हसतात. तुमच्यापैकीच एका कंपनीबरोबर (नाव घेत नाही, जेवण उत्तम होतं) आम्ही स्पेन केलं आणि तेव्हा मी टूर मॅनेजरला या पुलाबद्दल विचारलं होतं. उत्तर आलं, "मॅडम, तिथे शॉपिंग नाहीये." म्हणून नंतर पोरीकडे गेलो होतो तेव्हा आम्ही आमचे आमचे जाऊन आलो, मी, हे आणि सासूबाई.

आता गंमत बघा. तुम्ही आम्हाला माद्रिदला नेता, तिथे आतोचा स्टेशनवरून बार्सिलोना किंवा सेव्हियाची हायस्पीड ट्रेन पकडून देता, आणि वेळ असला तर स्टेशनच्या जुन्या हॉलमधली ती भलीमोठी हिरवीगार बाग दाखवता, ताडाची झाडं वगैरे. तो जुना हॉल, ती लोखंडी-काचेची कमान, १८९२ ची. आर्किटेक्ट आल्बेर्तो दे पालासिओ. मग रेतिरो पार्कमधला काचेचा महाल, १८८७ चा, वेलाझ्केझ बोस्को या आर्किटेक्टचा, त्याच्या लोखंडी सांगाड्याच्या कामातही हाच पालासिओ होता. म्हणजे या माणसाची दोन कामं तुम्ही आम्हाला ऑलरेडी दाखवताय, फक्त नाव सांगत नाही, आणि त्याचं सगळ्यात भारी काम, ज्याच्यासाठी तो इतिहासात राहिला, ते राहूनच जातं. पूल उघडला तो आतोचानंतर वर्षभरातच. या गृहस्थाचं डोकं काय वेगाने चालत असेल विचार करा, मधल्या काळात त्याने कोलंबसच्या स्मारकासाठी एक अवाढव्य पृथ्वीचा गोल डिझाईन करून ठेवला होता, तो मात्र कागदावरच राहिला. राहिला तेच बरं झालं, असं माझं मत.

तर पूल. बिलबाओची नदी समुद्राला मिळते तिथे खाडीच्या एका तीरावर पोर्तुगालेते आणि समोरच्या तीरावर लास अरेनास, म्हणजे आत्ताच्या गेचोचा भाग. दोन्ही तीरांवर एकेक जोडी लोखंडी टॉवर, उंची ६१ मीटर. त्या टॉवर्सना धरून, भरतीच्या पाण्यापासून ४५ मीटर उंचीवर, एक आडवा जाळीदार गर्डर, म्हणजे लोखंडी तुळई, लांबी १६० मीटरच्या आसपास. या गर्डरवर रस्ता नाही. गर्डरच्या खालच्या अंगाला रूळ आहेत, रुळांवर चाकांची लांबलचक ट्रॉली धावते, ट्रॉलीला पोलादी केबल्सनी खाली एक डबा लटकवलाय, आणि तो डबा रस्त्याच्या लेव्हलला, पाण्याच्या जरासाच वर, या काठावरून त्या काठावर जातो. डब्यात सहा गाड्या आणि बाजूच्या केबिनमध्ये काही डझन माणसं. दीड मिनिटात पलीकडे. ज्याने पिंपरी-चिंचवडमधल्या कुठल्याही शॉपमध्ये पाऊल ठेवलंय त्याला हे समजायला दोन सेकंद लागणार नाहीत, डोक्यावरची ओव्हरहेड क्रेन हुकाला जॉब लटकवून या टोकाहून त्या टोकाला जाते ना, तेच, फक्त शेडच्या जागी खाडी आणि जॉबच्या जागी माणसं. याला ट्रान्सपोर्टर ब्रिज म्हणतात.

एवढा उपद्व्याप कशाला, साधा पूल का नाही बांधला, हा प्रश्न बसमधले काका लोक पहिल्या मिनिटाला विचारणार, तेव्हा गाईडला हे नीट सांगता आलं पाहिजे. कारण सगळी मजा त्या उत्तरात आहे. बिलबाओच्या आसपासच्या डोंगरात उत्तम लोखंडाचं खनिज होतं, फॉस्फरस कमी असलेलं, आणि एकोणिसाव्या शतकात बेसेमर पद्धतीने पोलाद करायला नेमकं तसलंच खनिज लागायचं. त्यामुळे इंग्लंड-वेल्सचे पोलाद कारखाने या खनिजावर तुटून पडले होते, खाडीतून बोटींची रीघ लागलेली. खाडीच्या तोंडाशी वाळूचा घातक बांध होता, तिथे बोटी अडकायच्या, फुटायच्या. एव्हारिस्तो चुर्रुका नावाच्या इंजिनिअरने पोर्तुगालेतेला लोखंडी धक्का समुद्रात लांबवर नेऊन तो प्रश्न सोडवला, १८८७ पर्यंत तो धक्का तयार झाला. (तो धक्का आजही आहे, पुलापासून चालत जाता येतं, हा आणखी एक फुकट पॉइंट तुम्हाला देऊन ठेवते.) म्हणजे मोठ्या बोटींना वाट मोकळी झाली, आणि त्याच वाटेच्या तोंडावर आता कोणाला तरी पूल हवा होता. खालून पूल बांधला तर उंच डोलकाठ्यांची जहाजं अडणार. उंच बांधला तर चढायला-उतरायला दोन्हीकडे लांबच लांब रॅम्प लागणार, पोर्तुगालेतेला डोंगर उतरून थेट पाण्यात आलेला, घरांना घरं चिकटलेली, तर समोर सपाट वाळू, रॅम्प टेकवणार कुठे? उघडझाप करणारा पूल म्हणाल तर दिवसभर बोटी, तो बंद कधी करणार? पालासिओचं उत्तर असं की पूल वर राहू दे, बोटींच्या डोक्यावर, रस्ता तेवढा खाली सोडू. सोडला. बोट आली की डबा काठावर थांबतो, बोट गेली की निघतो. संपला विषय.

कल्पना तशी अगदीच पहिली नव्हती. १८७३ साली इंग्लंडमध्ये चार्ल्स स्मिथ नावाच्या माणसाने मिडल्सब्रोच्या टीस नदीसाठी असाच लटकता डबा सुचवला होता, तिथल्या शहाण्यांनी तो बासनात बांधला. मग स्पेनमध्ये झाला, फ्रान्समध्ये झाला, वेल्समध्ये झाला आणि शेवटी १९११ साली मिडल्सब्रोवाल्यांनी तोच पूल बांधला. म्हणजे सरकारी फाईल फक्त आपल्याकडेच अडते असं नाही.

पालासिओच्या जोडीला होता फर्दिनां आर्नोदां, फ्रेंच, केबलच्या कामातला दादा माणूस. आणि पैसा घातला सांतोस लोपेझ दे लेतोना नावाच्या उद्योजकाने. सरकारने बांधलेला पूल नव्हे हा, खाजगी धंदा होता, तिकीट लावून चालवायचा, पहिल्या दिवसापासून. तुम्ही धंदेवाली माणसं, तुम्हाला हे आवडेल.

आता मला पाच मिनिटं द्या, कारण पुढचं सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही, आणि तुमच्या कुठल्याही ब्रोशरमध्ये हे कधी येणार नाही.

एक लटकता पूल म्हटला की आपल्या डोळ्यासमोर दोन टॉवर आणि मधे झोळ पडलेली केबल येते. ती केबल लवचीक असते. सगळीकडे सारखा भार असेल तर ती आपला आकार धरून राहते, पण एकच जड वजन तिच्यावरून इकडून तिकडे सरकवत नेलं तर जिथे वजन तिथे ती खाली बसते आणि बाकीच्या ठिकाणी वर उचलली जाते. आता इथे तर नेमकं तेच करायचंय, दिवसभर, दर काही मिनिटांनी, एक भरलेला डबा या टोकापासून त्या टोकापर्यंत. रूळ जर असे लाटेसारखे हलायला लागले तर ट्रॉली चढ चढणार, उतार उतरणार, मधेच अडकणार. म्हणून वरचा तो गर्डर. तो नुसता रूळ टांगायला नाहीये, तो ताठपणा द्यायला आहे, डब्याचं वजन एका जागी न बसू देता आजूबाजूच्या बऱ्याच टांगत्या दोऱ्यांमध्ये वाटून टाकायला आहे. आणि तो धरलाय दोन प्रकारांनी. मधला भाग मोठ्या झोळदार केबलला उभ्या दोऱ्यांनी टांगलेला, आणि टॉवरजवळचे दोन्हीकडचे भाग टॉवरच्या माथ्यावरून सरळ तिरक्या येणाऱ्या केबल्सनी धरलेले. तिरक्या केबलला झोळ नाही, ती जास्त ताठ, म्हणून टॉवरजवळ ती. लांब गेलं की ती फारच आडवी होते, वजन उचलायला निरुपयोगी, म्हणून मधे झोळदार. दोन पद्धतींची अशी सांगड आर्नोदांची खासियत होती. आजकाल तिरक्या केबल्सचे पूल बघून आपण कौतुक करतो, आपला वरळी-वांद्रे सी लिंक त्यातलाच, पण ही अक्कल लोकांना १८९३ मध्येही होती.

बरं, या केबल्स टॉवरच्या माथ्यावरून पलीकडे जाऊन मागच्या बाजूला जमिनीत बांधलेल्या जड अँकरला बांधल्यात. ते महत्त्वाचं. नाहीतर सगळा ओढ टॉवर आतल्या बाजूला वाकवायला बघणार. पुढून ओढ, मागून ओढ, दोन्ही सारख्या, त्यामुळे टॉवरच्या वाट्याला येतं ते जवळजवळ सरळ खाली दाबणारं वजन. सरळ खाली दाबणारं वजन पेलायला जाडजूड दगडी बुरूज लागत नाही, जाळीचा सडपातळ टॉवर पुरतो. म्हणून तो पूल लांबून इतका हलका दिसतो. त्यात तिथे वारा बिस्केच्या समुद्राचा, म्हणजे साधासुधा नाही, आणि जाळीतून वारा आरपार निघून जातो, भिंतीसारखा आडवा येत नाही.

आणि केबल स्वतः. साधा दोर एकाच दिशेला पीळ दिलेला असतो, वजन आलं की तो उलगडायला बघतो, स्वतःभोवती फिरतो. आर्नोदांच्या केबलमध्ये पोलादी तारांचे थर एकावर एक, एक थर उजवीकडे पिळलेला, त्याच्यावरचा डावीकडे, परत उजवीकडे. एकाने उलगडायचं म्हटलं की दुसरा आवळतो. इतकं साधं. युनेस्कोने यादीत घेताना ज्या गोष्टींचा खास उल्लेख केलाय त्यात ही पिळाची हलकी पोलादी केबल आहे. मी ड्रॉइंग ऑफिसात इतकी वर्षं काढली, चांगलं डिझाईन म्हणजे काय विचारलं तर मी तुम्हाला हा पीळ दाखवेन.

डबा झोपाळ्यासारखा हलत कसा नाही, हे सासूबाईंनी विचारलं होतं, आणि प्रश्न एकदम बरोबर होता. डब्याला धरणाऱ्या केबल्स नुसत्या सरळ खाली नाहीत, तिरक्या, एकमेकींना छेदत खाली आल्यात, वरची ट्रॉलीही चांगली लांब आहे, त्यामुळे डबा कुठल्याही बाजूला हलायला गेला की एखादी तरी केबल ताणली जाऊन त्याला जागेवर आणते. सुरुवातीला हे सगळं वाफेच्या इंजिनावर ओढायचे, मग वीज आली.

आम्ही गेलो ती वेळ दुपारची होती, पोर्तुगालेतेच्या बाजूने चढलो. गेट उघडलं, आधी गाड्या गेल्या मधल्या भागात, एक माणूस हातवारे करून त्यांना अगदी बंपरला बंपर लावत होता, मग आम्ही बाजूच्या केबिनमध्ये. आमच्याबरोबर चाकांची भाजीची पिशवी ओढणाऱ्या एक आजी, दप्तर पाठीला असलेली दोन पोरं, सायकल घेतलेला एक माणूस. आम्ही तिघं माना वर करून, तोंड उघडं, आणि बाकी एकानेही मोबाईलमधून डोकं वर काढलं नाही. निघाला कधी ते कळलंच नाही, धक्का नाही, आवाज नाही, फक्त काठ मागे सरकायला लागला आणि फळीच्या फटीतून खाली हिरवट पाणी दिसायला लागलं. सासूबाईंनी एका हाताने खांब आणि दुसऱ्या हाताने माझा दंड धरला होता. पलीकडे हलका ठोका बसला, गेट उघडलं, आजी पिशवी ओढत चालू पडल्या. सासूबाई म्हणाल्या, "एवढंच? परत जाऊया." आणि आम्ही खरंच उतरून, तिकीट काढून, परत त्याच डब्यातून उलटे आलो, कारण माणशी एका युरोपपेक्षाही कमी पैसे पडतात.

वरती जायचं तिकीट वेगळं आणि महाग आहे. लिफ्टने टॉवरमधून वर जाता येतं आणि गर्डरवर चालायची फळ्यांची वाट केलीय, या तीरापासून त्या तीरापर्यंत. हे आले नाहीत, उंचीची भीती. मी गेले. वरून खाली ट्रॉली धावताना दिसते, चाकं दिसतात, केबल कुठे कशी धरलीय ते हाताच्या अंतरावरून बघता येतं, आणि एकीकडे समुद्र, दुसरीकडे खाडी आत शिरताना. तुमच्या ग्रुपमध्ये निम्मे तरी इंजिनिअर असतातच, मराठी घर आहे शेवटी, त्यांना वर सोडा आणि तासभर विसरा.

आता एक गोष्ट गाईडने सांगायलाच हवी अशी, आणि कृपया घाईत उरकू नका. १९३७, स्पेनचं यादवी युद्ध, फ्रँकोचं सैन्य बिलबाओच्या दाराशी आलेलं. १७ जूनला माघार घेणाऱ्या रिपब्लिकन, म्हणजे फ्रँकोविरुद्ध लढणाऱ्या, बाजूच्या लोकांनी शत्रूला खाडी ओलांडता येऊ नये म्हणून पूल उडवला. टॉवर उभे राहिले, वरचा आडवा गर्डर पाण्यात गेला. दोनच दिवसांनी, १९ जूनला, बिलबाओ पडलं. पालासिओ तेव्हा ऐंशीच्या घरात होता आणि पोर्तुगालेतेमध्येच राहायचा, त्याने घरातून आपला पूल पडताना बघितला असं सांगतात. १९३९ मध्ये तो गेला. पूल परत सुरू झाला १९४१ मध्ये, म्हणजे त्याने तो परत चालताना बघितलाच नाही.

त्यामुळे आज तुम्ही बघता तो पूल सगळाच्या सगळा १८९३ चा नाही. टॉवर जुने, आडवा गर्डर १९४१ चा, डिझाईनही थोडं बदललेलं, आणि डबा तर अलीकडचा, पूर्वी कितीतरी वेळा बदललेला. काही लोक यावरून नाक मुरडतात. मला उलट वाटतं की रोज काम करणाऱ्या वस्तूचे पार्ट बदलतातच, बदलले म्हणूनच ती चालतेय. युनेस्कोने २००६ मध्ये याला यादीत घेतलं. आपलं सीएसएमटी २००४ चं. दोन्ही ठिकाणी तीच गोष्ट मला आवडते, जागतिक वारशाखालून लोक डबा सांभाळत, घड्याळ बघत पळतायत आणि वर बघायला कोणाला वेळ नाही.

रंगाचंही सांगून ठेवते कारण फोटोत लोक विचारतात. पूल पूर्वी काळा होता, २०१० च्या सुमारास मोठ्या रंगकामात तो तांबूस-लाल केला, तिथल्याच सोमोरोस्त्रोच्या खाणीतल्या लोखंडाच्या खनिजाचा जो रंग तो. ज्या खनिजामुळे तिथे बोटी आल्या आणि बोटींमुळे हा असा विचित्र पूल करावा लागला, त्याचाच रंग पुलाला, हे मला फारच पटलं. संध्याकाळच्या उन्हात फोटो चांगले येतात, तुमच्या ग्रुप फोटोवाल्याला सांगा.

दोन तीरांचाही फरक दाखवा. पोर्तुगालेतेची बाजू खाणी, कारखाने, भट्ट्या, कामगारांची. समोरची बाजू श्रीमंतांची, समुद्रकाठचे बंगले, आंघोळीला येणारे शहरी लोक. मधे पूल नव्हता तेव्हा नावाडी होते, आणि अजूनही पुलाच्या शेजारीच एक छोटी मोटरबोट इकडून तिकडे जात असते, ते पण करून बघा, म्हणजे पुलाने काय वाचवलं ते कळतं.

हा एकच पूल नाहीये, हेही बोलता बोलता सांगता येईल. असे पूल जगभरात जेमतेम वीसेक झाले असतील. आर्नोदांचेच बरेच, त्यातला फ्रान्समधला रोशफोरचा १९०० चा अजून आहे, मार्सेचा १९०५ चा दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी उडवला, वेल्समधल्या न्यूपोर्टचा १९०६ चा. ब्वेनोस आयरेसच्या ला बोकामध्ये १९१४ चा आहे, कित्येक वर्षं बंद पडून २०१७ मध्ये परत चालू केला. जर्मनीत रेन्ड्सबुर्गला रेल्वेच्या उंच पुलाखाली असाच डबा लटकतो, २०१६ मध्ये त्याला एका जहाजाने ठोकलं, नवा डबा यायला २०२२ उजाडलं. आणि ज्या मिडल्सब्रोमध्ये ही कल्पना पहिल्यांदा कागदावर आली तिथला पूल, या प्रकारातला आज उभा असलेला सगळ्यात लांब, २०१९ मध्ये सुरक्षेच्या कारणाने बंद केला. मोटारगाड्या वाढल्या आणि या पुलांचं गणित बिघडलं, कारण डब्यात सहा-नऊ गाड्या मावणार, आणि रांग लागणार पन्नासची. इंग्लंडमध्ये रनकॉर्नचा १९०५ चा पूल तर नवा मोठा पूल झाल्यावर १९६१ मध्ये सरळ पाडून टाकला. म्हणून म्हणते, सगळ्यात पहिला असून जो अजून धडधाकट चालतोय तो बघून घ्या.

आता तुमच्या अडचणींकडे येते, कारण मला माहितीये तुम्ही हे वाचता वाचता मनात म्हणताय, "मॅडम, बोलायला काय जातं."

पहिली अडचण, लांब आहे. माद्रिदहून रस्त्याने साधारण ४०० किलोमीटर, मान्य. पण तुम्ही आम्हाला स्वित्झर्लंडमध्ये एका चॉकलेटच्या दुकानासाठी दोन तास बसमध्ये बसवता, आणि जे लोक आधीच बिलबाओला जातायत त्यांच्यासाठी तर हा खर्च अर्ध्या दिवसाचा आहे. सकाळी गुगेनहाइम बाहेरून (आतून नकोच, आमच्या ग्रुपला तिथे काय चाललंय ते कळत नाही, उगाच तिकीट), मग बस सोडून मेट्रो घ्या. मेट्रो १९९५ ची, नॉर्मन फॉस्टरने डिझाईन केलेली, स्टेशनच्या काचेच्या गोल तोंडांचेच फोटो लोक काढत बसतील. अरेएता स्टेशनला उतरा, चालत पूल, डब्यातून पलीकडे पोर्तुगालेते, तिथून दुसऱ्या लाईनने परत. एकाच रस्त्याने दोनदा जायचं नाही, सर्कल पूर्ण.

दुसरी अडचण, सीनिअर सिटिझन. अहो, हा पूल सीनिअर सिटिझनसाठीच केल्यासारखा आहे. चढ नाही, पायऱ्या नाहीत, रस्त्याच्याच लेव्हलला गेट, व्हीलचेअर सरळ आत जाते. पोर्तुगालेतेचा गाव मात्र उभा चढ आहे, पण तिथे रस्त्यावरच सरकते पट्टे बसवलेत, एअरपोर्टवर असतात तसे, चढावर. सासूबाईंना पुलाइतकंच त्या पट्ट्यांचं कौतुक वाटलं, ते पुण्याच्या पर्वतीला का लावत नाहीत असं त्या अजून विचारतात.

तिसरी, वेळ चुकली तर काय. चुकतच नाही. दिवसा साधारण दर आठ मिनिटांनी डबा निघतो, रात्रीही चालू असतो. चाळीस जणांचा ग्रुप एकाच फेरीत मावेल, दोन फेऱ्या केल्या तर आरामात. गुजराती, जैन, उपासाचं जेवण वगैरे तुमचं तुम्ही बघा, ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं जमतं.

चौथी म्हणजे गाईड. इथे मात्र माझी कळकळीची विनंती आहे. गाईडला आधी सांगून ठेवा की याला "आयफेलचा पूल" म्हणून खपवायचं नाही. पालासिओला आयफेलचा शिष्य म्हणायची पद्धत पडलीय, आयफेल टॉवर या पुलाच्या चारच वर्षं आधीचा, १८८९ चा, दोन्ही लोखंडी जाळीचे, त्यामुळे लोकांना ते नाव ओळखीचं वाटतं आणि टाळ्या मिळतात. पण पूल पालासिओचा आणि केबल आर्नोदांची, आयफेलकडे स्वतःचं पुरेसं आहे. दुसरं, पुलाला फोटो स्टॉप करू नका. फोटो स्टॉप म्हणजे बसमधून उतरा, दहा मिनिटं, सेल्फी, चढा. या पुलाचा फोटो काढून काही कळत नाही, फोटोत तो नुसता एक लोखंडी दरवाजा दिसतो. एकदा काठावर उभं राहून डबा जाताना-येताना बघायचा, एकदा डब्यातून जायचं, आणि ज्यांना झेपेल त्यांनी एकदा वर जायचं. नशीब असेल तर खालून एखादी बोट जाईल आणि डबा तिच्यासाठी थांबेल, तेव्हा ग्रुपमधल्या कोणालाही समजावून सांगायची गरज पडणार नाही.

पुढच्या सीझनच्या आयटिनरी तुम्ही आत्ताच बनवत असाल म्हणून हे आत्ता लिहिलं. उत्तर नाही दिलंत तरी चालेल, ब्रोशरमध्ये दिसलं की मला कळेल, आणि मग आमच्या भिशी ग्रुपचं अख्खं बुकिंग तुमच्याकडे, शब्द देते. फक्त एक करा, त्या डब्याचं तिकीट माणशी एका युरोपच्याही आत आहे, ते "ऑप्शनल, पस्तीस युरो एक्स्ट्रा" असं लावू नका.

आपली,
एक जुनी गिऱ्हाईक, चिंचवड